मातीकाम शिकताना : पहिल्या गोळ्यापासून वापरातल्या वाटीपर्यंत

मातीची भांडी घडवण्याचा छंद लावून घ्यावा असे ज्यांना वाटते, त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा फिरते चाक असते आणि वर्गात नाव घालतानाच 'चाकावर कधी बसवणार?' हा प्रश्न विचारला जातो. प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु शिकण्याचा क्रम त्यावरून ठरवू नये. नवशिक्याची बरीचशी भांडी चाकावर येण्याआधीच, माती नीट न मळल्यामुळे वाया जातात. उरलेल्यांपैकी अनेक चाकावरून सुखरूप उतरतात आणि नंतर घाईने वाळवल्यामुळे तडकतात. मातीत या घडीला किती पाणी आहे आणि या पाण्यात कोणते काम करता येईल, हे हाताला कळू लागणे म्हणजेच या कलेची अक्षरओळख. पुढील पायऱ्या त्याच दृष्टीने मांडल्या आहेत.

आधी भट्टी शोधावी

माती, साधने किंवा चाक यांपैकी काहीही विकत घेण्यापूर्वी आपली भांडी कोण भाजून देणार हे ठरवावे. न भाजलेले भांडे पाणी लागताच पुन्हा चिखल होते आणि घरच्या गॅसवर किंवा ओव्हनमध्ये माती पक्की होत नाही. साध्या लाल मातीलाही सुमारे 900 ते 1000 अंश सेल्सिअस तापमान लागते, तर घरातला ओव्हन 250 अंशांच्या आसपास थांबतो. हवेत वाळून कडक होणारी जी माती दुकानांत पाकिटांतून मिळते, ती शोभेच्या वस्तूंसाठी ठीक आहे. तिच्यात चहा ओतता येणार नाही.

मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत आता लहान-मोठे स्टुडिओ आहेत. तेथे चौकशी करताना शुल्कात माती, झिलई (भांड्यावर चढवला जाणारा काचेसारखा थर) आणि झिलईआधीची व नंतरची अशी दोन्ही वेळची भाजणी धरलेली आहे का, वर्गाच्या वेळेबाहेर सरावासाठी बसू देतात का, भट्टी किती अंशांपर्यंत तापवली जाते आणि पुढे घरी केलेली भांडी भाजून देतील का, हे प्रश्न स्पष्टपणे विचारावेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल तर तो स्टुडिओ थोडा महाग असला तरी मी तोच निवडेन. एक दिवसाच्या कार्यशाळेत शिक्षकाचे हात आपल्या हातांवर असतात आणि संध्याकाळी एक सुबक वाटी तयार होते. त्यातून आनंद मिळतो, पण ती वाटी शिक्षकाची असते. किमान सहा-आठ आठवडे, आठवड्यातून एक-दोन बैठका असा वर्ग असेल तर माती ओली, अर्धी वाळलेली आणि कोरडी अशा तिन्ही अवस्थांत हाती येते.

शहरातला कुंभारवाडाही विसरू नये. धारावीतल्या कुंभारवाड्यात मूळच्या सौराष्ट्रातल्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालवले आहे. पुण्याच्या कसबा पेठेलगतही कुंभारवाडा आहे. सणाच्या तोंडावर, म्हणजे संक्रांतीची सुगडी, नवरात्रातले घट आणि दिवाळीच्या पणत्या यांच्या दिवसांत, तेथे कोणालाही बोलायला उसंत नसते. इतर वेळी विचारून, कामाच्या आड न येता तासभर पाहत बसले तर बोटांच्या हालचालीविषयी पुष्कळ कळते. ज्यांना काही महिने बाहेर राहणे शक्य आहे त्यांच्यासाठी देशात जुनी केंद्रे आहेत. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी 1971 साली पुदुच्चेरीत सुरू केलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीतून आजचे अनेक भारतीय स्टुडिओ-कलावंत घडले. हिमाचलातील अंद्रेट्टा हे गावही ज्येष्ठ कुंभार-कलावंत सरदार गुरचरणसिंग यांच्या परंपरेतल्या मातीकामासाठी ओळखले जाते. विदर्भातल्यांना चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीच्या ग्रामोदय संघाचे मातीकाम जवळचे वाटेल. जयपूरच्या निळ्या भांड्यांचा वर्ग करायचा असेल तर मात्र एक लक्षात ठेवावे : ती भांडी नेहमीच्या मातीची नसतातच, क्वार्ट्झची पूड, काचेची पूड आणि थोडी मुलतानी माती यांच्या लगद्यापासून ती साच्यात घडवतात. तेथे शिकलेले चाकावर फारसे उपयोगी पडत नाही.

माती कोणती घ्यावी

हौशी कामात मुख्यतः दोन प्रकारच्या माती भेटतात. पहिली लाल माती, म्हणजे टेराकोटा. ती 900 ते 1100 अंशांदरम्यान भाजली जाते, भाजल्यावरही सच्छिद्र राहते आणि म्हणूनच माठातले पाणी बाहेरच्या बाजूने पाझरून, बाष्पीभवन होऊन गार होते. दुसरी स्टोनवेअरची माती. ती साधारण 1200 ते 1300 अंशांवर भाजली की घट्ट होते आणि पाणी जवळजवळ शोषत नाही. कप, ताटल्या, वाट्या करण्याची इच्छा असेल तर स्टोनवेअर घ्यावी. पोर्सलीन दिसायला मोहक असते, पण ओली असताना ती हट्टी आणि पटकन ढासळणारी असते. पहिल्या वर्षी तिच्या वाटेला जाऊ नये. तयार, मळलेली माती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मिळते. विकत घेताना ती किती अंशांची आहे हे विचारून पिशवीवर लिहून ठेवावे, कारण ओल्या अवस्थेत दोन निरनिराळ्या माती सारख्याच दिसतात आणि लाल माती चुकून 1220 अंशांच्या भट्टीत गेली तर ती वितळून फळीवर पसरते. त्याची भरपाई बहुधा आपल्यालाच द्यावी लागते.

'आमच्या शेतातली काळी माती चालेल का?' असे पुष्कळ जण विचारतात. महाराष्ट्राच्या पठारावरची रेगूर माती बेसॉल्ट खडकापासून बनलेली आहे आणि तिच्यातली खनिजे पाणी पिऊन फार फुगतात, वाळताना तितकीच आकसतात. उन्हाळ्यात शेताला ज्या भेगा पडतात त्याच भांड्यालाही पडतात. शिवाय तिच्यात चुनखडीचे बारीक खडे असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, भांडे बाहेर आल्यावर तो हवेतला ओलावा ओढून फुगतो आणि काही दिवसांनी भांड्याचा टवका उडवतो. गावचा कुंभार तळ्याचा गाळ वेगवेगळ्या ठिकाणच्या मातीत मिसळतो, चाळतो, गाळतो, तिच्यात राख किंवा लीद घालतो, ते याचसाठी. हे मिश्रण त्या त्या गावापुरते बसलेले असते. नवशिक्याने ते करून पाहण्याची घाई करू नये.

गणपतीसाठीची शाडूची माती घरात शिल्लक असेल तर ती चिमटीने आकार देण्याचा सराव करायला उत्तम आहे. ती वाळवून रंगवण्यासाठी वापरली जाते, तेव्हा भट्टीवाल्याला न विचारता ती आपल्या भांड्यांत मिसळू नये. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या कणांबद्दल तर अधिकच जपावे, कारण चुनखडीसारखाच टवका उडवण्याचा गुण त्यांच्यातही आहे.

साधने थोडी लागतात : माती कापायची तार, स्पंज, लाकडी मुठीची सुई, कोरण्यासाठी कड्याचे पाते, लाकडाची किंवा रबराची घासपट्टी, एक बादली आणि जुने सुती कापड. तारेऐवजी मासेमारीचा नायलॉनचा दोरा दोन बटणांना बांधून चालतो. संचातली बारा-पंधरा चकचकीत हत्यारे बहुधा डब्यातच राहतात.

माती मळणे

येथे सावकाश जावे. कुंभार पायाने माती तुडवतो, तिंबतो. स्टुडिओत तेच काम दोन्ही तळव्यांनी, कमरेइतक्या उंचीच्या घट्ट फळीवर करतात. पिशवीतली तयार मातीही मळावी लागते, कारण पिशवीच्या कडेची माती घट्ट आणि मधली मऊ अशी असते आणि चाकावर हा फरक लगेच जाणवतो.

साधारण एक किलोचा गोळा घ्यावा. तळव्यांनी तो पुढे आणि खाली दाबावा, वरची कड आपल्याकडे वळवून घ्यावी, पुन्हा दाबावा. कणीक मळताना आपण घडी घालून आत हवा कोंडली तरी बिघडत नाही. मातीत घडी बंद झाली की हवेची पोकळी राहते, म्हणून प्रत्येक दाब थोडा पुढे सरकत जावा आणि माती स्वतःवर घडी घालून मिटू नये. जोर मनगटाचा नसून शरीराच्या वजनाचा असावा. नाहीतर आठवड्याभरात मनगटे दुखू लागतात. तीस-चाळीस दाबांनंतर गोळा तारेने मधोमध कापावा. कापलेल्या पृष्ठभागावर बारीक भोके, निराळ्या रंगाच्या रेषा किंवा कडक गाठी दिसल्या तर दोन्ही अर्धे एकमेकांवर आपटून पुन्हा मळावे. पृष्ठभाग एकसारखा, गुळगुळीत दिसला की गोळा तयार झाला. हवेच्या बुडबुड्यामुळेच भांडे भट्टीत फुटते असे सर्रास सांगितले जाते. खरे पाहता स्फोट होतो तो अडकलेल्या ओलाव्याच्या वाफेमुळे. बुडबुडा मुख्यतः चाकावर त्रास देतो, कारण भांड्याची भिंत वर ओढताना बोट तेथे अडखळते.

माती घट्ट वाटली तर तिच्यावर पाणी ओतू नये. वरचा थर निसरडा होतो आणि आतला तसाच राहतो. गोळ्याचे पातळ काप करावेत, प्रत्येक काप ओल्या स्पंजाने पुसावा, चळत रचून रात्रभर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावी आणि सकाळी मळावी.

चाकाआधी हात

पहिले भांडे पणती असावी. मुठीत मावेल एवढा गोळा घ्यावा, अंगठा मध्यभागी तळापासून बोटभर अंतर राहील इतका आत घालावा आणि गोळा फिरवत फिरवत अंगठा व बोटे यांच्या चिमटीत भिंत दाबत न्यावी. काम नेहमी तळापासून काठाकडे करावे. काठ आधी पातळ केला तर तो तेथेच वाळतो आणि त्याला चिरा पडतात. अशा चिरा दिसताच ओल्या बोटाने, पाणी न टपकू देता, त्या बुजवाव्यात. भिंत सर्वत्र पाच-सहा मिलिमीटर झाली की थांबावे. डोळे मिटून चिमटीने जाडी मोजण्याची सवय करावी. जाड-पातळ कळण्यात डोळ्यांपेक्षा बोटे पक्की असतात. लाल मातीची पणती एकदाच भाजली तरी पुरते. तेल ती थोडे पिणारच, म्हणून घरोघरी पणत्या आधी पाण्यात भिजत घालतात.

नंतर वळ्यांचे काम घ्यावे. करंगळीएवढ्या जाडीच्या वळ्या एकावर एक ठेवत भिंत चढवायची आणि प्रत्येक वळीचा सांधा आतून-बाहेरून खालच्या वळीत पुसून घ्यायचा. एका बैठकीत फार उंच जाऊ नये, कारण खालची भिंत ओली असताना वरचे वजन पेलत नाही. चार-पाच वळ्यांनंतर तासभर थांबावे. तिसरी पद्धत लादीची. सुती कापडावर मातीच्या दोन्ही बाजूंना सहा मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवून लाटण्याने माती लाटावी, म्हणजे जाडी आपोआप सारखी येते. लादी कापडासकट उचलावी. नुसती एका कोपऱ्याला धरून उचलली तर ती वाकते. हाताने सरळ केली तरी मातीला ते वाकणे आठवते आणि भट्टीतून ताटली त्याच कोपऱ्यात उचललेली बाहेर येते.

जोडकामाचा नियम एकच आहे, तो म्हणजे दोन्ही भाग सारखेच ओले असावेत. दोन्ही पृष्ठभाग सुईने आडवे-उभे खरवडावेत, त्याच मातीचा दाट चिखल लावावा आणि किंचित हलवत दाबावेत. एक भाग वाळलेला आणि दुसरा ओला असेल तर ओला भाग अधिक आकसून सांध्यातून सुटतो. कपाचे कान गळतात ते बहुतेक याच कारणाने.

चाकावर

गावाकडचे जड चाक जमिनीलगत, खुंटीवर तोललेले असते आणि काठीने गती देऊन फिरवतात. स्टुडिओत विजेचे चाक असते, ज्याची गती पायाने कमी-जास्त करता येते. उजव्या हाताचे बहुतेक हौशी कारागीर चाक घड्याळाच्या उलट दिशेने फिरवतात. डावखुऱ्यांना दिशा बदलण्याचे बटण उपयोगी पडते.

अर्धा किलोचा गोळा कोरड्या चाकावर मध्यभागी आपटून बसवावा. चाक जोरात फिरवावे, गोळ्यावर पाणी लावावे आणि माती केंद्रात आणावी. या एका क्रियेला नवशिक्यांचे कित्येक आठवडे जातात आणि ते जाऊ द्यावेत. डावा कोपर मांडीवर किंवा पोटाशी घट्ट टेकवावा. डावा तळवा बाजूने आणि उजवा वरून दाब देतो. हात मातीबरोबर डुलू लागले तर गोळा कधीच स्थिर होत नाही. हात जागचे हलले नाहीत तर मातीला त्यांच्यात सामावण्यावाचून गत्यंतर नसते. दोन्ही तळव्यांनी दाबून माती शंकूसारखी वर चढवावी, मग वरून दाबून खाली आणावी. असे दोन-तीनदा केल्याने आतली वीणही सारखी होते. केंद्रात आली की नाही हे पाहण्यासाठी सुईचे टोक स्थिर धरून गोळ्याच्या जवळ न्यावे. सुई एकाच बाजूला ओरखडा काढत असेल तर काम बाकी आहे. हात मातीवरून उचलताना हळूच उचलावेत. झटक्याने सोडले की केंद्र पुन्हा जाते.

मग गती थोडी कमी करून अंगठ्याने गोळ्यात खळगा करावा. तळ आठ ते दहा मिलिमीटर ठेवावा आणि तो सुई टोचून मोजावा. सुईचे भोक नंतर बोटाने बुजते. तळ स्पंजाने किंवा बोटाने मध्यापासून कडेकडे व कडेपासून मध्याकडे दाबून घट्ट करावा. हा दाब विसरला तर वाळताना तळाला वळणदार चीर पडते, जी बहुधा भट्टीनंतरच नजरेस येते. भिंत ओढताना आतल्या बोटाचे आणि बाहेरच्या हाताच्या बोटाच्या पेराचे टोक समोरासमोर असावे, खाली मातीचा जाड वळा पकडावा आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक हात थोडेसे वर न्यावेत. घाईने वर गेले की भिंतीवर मळसूत्रासारखी चढउतार उमटते. तीन ओढींत जेवढी उंची मिळेल तेवढीच घ्यावी. अधिक ओढी म्हणजे अधिक पाणी, आणि पाणी प्यायलेली भिंत उभी राहत नाही. आत साचलेले पाणी प्रत्येक ओढीनंतर स्पंजाने टिपावे.

पहिल्या महिन्यात एकही भांडे जपून ठेवू नये, असे माझे मत आहे. प्रत्येक नळकांडे चाकावरच तारेने उभे चिरावे आणि कापलेली भिंत पाहावी. तळाशी अंगठ्याएवढी जाड आणि काठाशी कागदी, अशी ती सुरुवातीला दिसते. पुढच्या गोळ्यात ती जाड माती वर न्यायची, हा धडा या चिरलेल्या भिंतीइतका स्वच्छपणे कोणी सांगू शकत नाही. माती कोठेही वाया जात नाही, ती पुन्हा मळता येते.

मापाचा हिशोबही येथेच करावा. स्टोनवेअरची माती ओल्या अवस्थेपासून शेवटच्या भाजणीपर्यंत साधारण 10 ते 13 टक्के आकसते. 12 टक्के धरले तर 10 सेंटिमीटर उंचीचा कप 8.8 सेंटिमीटरचा होतो आणि आकसणे तिन्ही दिशांनी होत असल्यामुळे त्यात मावणारा चहा जवळजवळ एक-तृतीयांशाने कमी होतो. शेवटी 200 मिलिलिटरचा कप हवा असेल तर ओला कप सुमारे 290 मिलिलिटरचा करावा.

नख आणि गाल

भांडे चाकावरून उतरल्यावर त्याची खरी निगराणी सुरू होते. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी ते अशा अवस्थेत येते की नख टेकवले तर खूण उमटते, पण तळव्याने उचलले तर आकार बदलत नाही. तळ कोरणे, बुडाला टेकायचे कडे काढणे, कान जोडणे आणि नक्षी कोरणे ही सारी कामे याच वेळी करायची असतात. भांडे चाकावर उपडे ठेवून केंद्रात आणावे, चार मातीच्या गोळ्यांनी पक्के करावे आणि कड्याच्या पात्याने तळाची जादा माती काढावी. कीस लांब, सलग फितीसारखा निघाला तर ओलावा योग्य आहे. पात्याला चिकटला तर थांबावे, भुकटी उडू लागली तर उशीर झाला. बोटाने तळावर टिचकी मारत जावे. आवाज पोकळ होत गेला की तळ पातळ होत आहे.

हा क्षण हातून निसटू नये म्हणून हवामानाशी जुळवून घ्यावे लागते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात सकाळी केलेल्या वाटीचा काठ दुपारपर्यंत कोरडा होतो आणि तळ ओलाच असतो. तेथे काठावर ओलसर पट्टी आणि वर सैल प्लॅस्टिक ठेवावे. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये उलट अडचण येते, भांडे आठवडाभर ओलेच राहते आणि पिशवीतल्या मातीवर बुरशी धरते. बुरशीने मातीचे नुकसान होत नाही, फक्त मळताना वास सोसावा लागतो. दोन्ही ठिकाणी पंख्याचा थेट झोत आणि ऊन टाळावे, कारण एका बाजूने वाळणारे भांडे त्या बाजूला ओढले जाते. कान जोडलेले कप पहिले दोन दिवस झाकून ठेवावेत, म्हणजे बारीक कान आणि जाड भिंत यांतला ओलावा सारखा होतो.

पूर्ण वाळलेले भांडे फिकट दिसते, परंतु रंगावर विसंबू नये. ते गालाला लावून पाहावे. गार लागले तर आतून अजून पाणी उडत आहे. खोलीतल्या इतर कोरड्या वस्तूंइतकेच लागले तर ते भट्टीत ठेवण्याजोगे झाले. या अवस्थेत भांडे सर्वांत ठिसूळ असते, म्हणून ते काठाला किंवा कानाला धरून उचलू नये. दोन्ही हातांनी बुडापासून उचलावे.

दोनदा भाजणे

कुंभाराच्या आव्यात गोवऱ्या, लाकूड आणि पेंढा यांच्यात मडकी रचून एकदाच भाजतात. स्टुडिओत बहुधा दोन भाजण्या होतात. पहिली 900 ते 1000 अंशांची असते. सुरुवातीला 100 अंश ओलांडताना भट्टी फार सावकाश चढवतात, कारण तोवर उरलेल्या ओलाव्याची वाफ झाली तर भांडे फुटते आणि शेजारच्यांचीही भांडी फोडते. पुढे साधारण 450 ते 600 अंशांदरम्यान मातीच्या रेणूंत बांधलेले पाणी निघून जाते आणि त्यानंतर ती कधीच चिखल होत नाही. 573 अंशांना क्वार्ट्झच्या स्फटिकांची रचना बदलून ते किंचित फुगतात, थंड होताना पुन्हा आकसतात. तेथे भट्टी घाईने चढवली किंवा उतरवली तर भांड्याला स्वच्छ, धारदार चीर जाते. म्हणूनच भट्टी 100 अंशांच्या खाली आल्याशिवाय उघडू नये, मग आत काय झाले हे पाहण्याची कितीही उत्सुकता असो.

पहिल्या भाजणीनंतर प्रत्येक भांडे तळव्यावर धरून बोटाच्या पेराने वाजवावे. खणखणीत नाद आला तर ते सलग आहे. बद्द आवाज आला तर कोठेतरी चीर आहे आणि त्यावर झिलई वाया घालवू नये. तेरच्या गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही आख्यायिका याच रोजच्या परीक्षेवर उभी आहे.

झिलई, म्हणजे ग्लेझ, ही मुळात भांड्यावर वितळवलेली काच असते : काच घडवणारी सिलिका, ती ओघळू न देणारे ॲल्युमिना आणि सिलिका लवकर वितळावी म्हणून घातलेली द्रावक खनिजे. नवशिक्याने स्टुडिओतली तयार झिलई वापरावी. भांडे ओल्या स्पंजाने पुसून धूळ काढावी, बादलीतली झिलई तळापासून ढवळावी आणि भांडे दोन-तीन सेकंद बुडवून बाहेर काढावे. सच्छिद्र भांडे पाणी शोषते आणि भुकटीचा थर वर राहतो. तो एक मिलिमीटरच्या आसपास असावा. जाड झाला तर ओघळतो, पातळ राहिला तर रंग खरखरीत येतो. तळ आणि त्यालगतची तीन ते पाच मिलिमीटर भिंत स्पंजाने पुसून काढणे अनिवार्य आहे, नाहीतर भांडे वितळलेल्या काचेने भट्टीच्या फळीला कायमचे चिकटते. पहिल्या भाजणीत भांडी एकमेकांत रचली तरी चालतात. दुसरीत कोणतेही भांडे दुसऱ्याला टेकता कामा नये. कच्च्या झिलईचा रंग भाजल्यावरच्या रंगाशी जुळत नाही, तेव्हा भिंतीवर टांगलेल्या नमुन्याच्या तुकड्यांवरूनच निवड करावी.

ताटात वाढण्यापूर्वी

आपल्या जेवणात आमसुलाचे सार, चिंचेची आमटी, दही आणि लोणचे रोज असते. कच्ची किंवा चुकीच्या प्रमाणाची झिलई आंबटाने विरघळते आणि तिच्यातले धातू अन्नात उतरतात. झिलई शिशाविरहित आणि खाण्याच्या भांड्यांसाठी योग्य आहे का, हे स्टुडिओला आधी विचारावे. घरी लिंबाची फोड भांड्यात रात्रभर ठेवून सकाळी पाहावे. डाग पडला किंवा चमक गेली तर ते भांडे फुलांसाठी ठेवावे. डाग पडला नाही म्हणजे झिलई निर्धोक ठरली असे मात्र नाही, ही चाचणी फक्त वाईट झिलई उघडी पाडते. भाजल्यानंतर ऑइल पेंट किंवा वॉर्निश लावलेल्या भांड्यात काहीही खाऊ नये.

घरी जागा करताना

काही महिन्यांच्या वर्गानंतर घरी हातकाम सुरू करता येते. त्याला बाल्कनीतले एक टेबल पुरते. मातीचे हात सिंकमध्ये धुऊ नयेत. माती पाइपात बसते आणि पुढे साऱ्या इमारतीची तक्रार ओढवते. एका बादलीत हात आणि हत्यारे धुवावीत, रात्रभर निवू द्यावे, वरचे स्वच्छ पाणी कुंड्यांना घालावे आणि तळचा गाळ उरलेल्या मातीत टाकावा. हे तुकडे पुन्हा वापरायचे असतील तर आधी पूर्ण कोरडे करावेत. पूर्ण वाळलेली माती पाण्यात टाकताच फसफसून विरघळते, अर्धवट ओली माती मात्र कितीतरी दिवस गोळ्याच्या रूपातच राहते.

धुळीचा धोका हलक्यात घेऊ नये. मातीत आणि झिलईत बारीक सिलिका असते; ती वर्षानुवर्षे श्वासातून गेल्यास फुप्फुसांचा सिलिकोसिस हा न बरा होणारा आजार होतो. वाळलेले भांडे घरात सँडपेपरने घासू नये, जमीन झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी, आणि कोरडी भुकटी हाताळताना एन-95 मास्क लावावा. कामाचे कपडे निराळे ठेवून वेगळे धुवावेत.

चाक विकत घेण्याचा विचार तेव्हा करावा, जेव्हा अर्धा किलोचा गोळा रोज विनासायास केंद्रात येऊ लागेल आणि स्टुडिओतला वेळ अपुरा वाटू लागेल. भट्टी त्याच्याही नंतर. सुमारे 3 किलोवॉटची लहान विजेची भट्टी 230 व्होल्टवर 13 अँपिअर प्रवाह घेते, तेव्हा तिला स्वतंत्र तार आणि 16 अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट लागते. मोठ्या भट्टीला बहुधा थ्री-फेज जोडणीच घ्यावी लागते. ती भिंतीपासून अंतर राखून, हवेशीर जागी ठेवावी, कारण पहिल्या भाजणीत मातीतले सेंद्रिय पदार्थ जळून निघणारा धूर आणि वास बाहेर जाणे आवश्यक असते. सदनिकेत राहणाऱ्यांनी विद्युत-तंत्रज्ञाकडून मीटरचा मंजूर भार तपासून घ्यावा आणि गृहनिर्माण संस्थेची लेखी परवानगी हाती आल्यावरच भट्टीची आगाऊ रक्कम भरावी.